परातभर भजी आणि उत्कृष्ट नायक

पोंभुर्णा, रविवार, संध्याकाळ

पूर्वी टीव्हीवर सिनेमाचे पुरस्कार लागले की अख्खी गल्ली आमच्या घरी जमायची, आणि दुसऱ्याच दिवशी हिरोसारखा शर्ट शिवून मागायची. टेलरच ना मी! म्हणून आज सगळ्यांना बोलावलं. बायकोनं परातभर भजी तळली. आली फक्त शेजारची शेवंताबाई.

उत्कृष्ट नायक जाहीर झाला. मी विचारलं, "बाई, हा कोन?"

"मले काय मालूम भाऊ? मी तं भज्यांसाठी आली."

माझं तोंड उतरलं. एवढी भजी! माझं चुकलं कुठं? तेवढ्यात तो नायक बक्षिसाची बाहुली छातीशी धरून रडायला लागला.

शेवंताबाई कळवळली. "काऊन रडून राह्यला बिचारा? त्याच्या घरीबी कोनी आलं नाई काय?"