विषुववृत्तीय झबली

ता. ३ जून

चि. ठकूस, तुझ्या बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मळमळ थांबली हे वाचून जिवात जीव आला. जावईबापू स्वयंपाक करतात हेही वाचलं. मीठ बेतानं घालायला सांग.

शब्दकोशाचं काम 'व'पर्यंत आलं आहे आणि सध्या 'विषुववृत्तीय'पाशी अडलं आहे. 'विषुववृत्तासंबंधीचा, त्यालगतचा' हा अर्थ झाला. आता उपयोग द्यायचे. विषुववृत्तीय जंगल, विषुववृत्तीय सागरी प्रवाह हे घेतले. दुर्बिणीच्या एका प्रकारच्या बैठकीलाही हेच विशेषण लावतात म्हणे, तेही घेतलं. हवामानापुढे 'बारमाही उष्ण व दमट' असं लिहिलं आहे. तू राहतेस त्या रेषेवर, नोकरीही वेधशाळेत, म्हणून तिथल्या वापरातलं एखादं वाक्य पाठव.

सप्टेंबरात बाळंतपणाला यायला सांगतेस. पण काम अर्धवट टाकून कसा येऊ? शिवाय तिथली उष्णता या वयात मला सोसायची नाही. शिंप्याकडून मलमलची बिनबाह्यांची झबली शिवून घेतली, ती पार्सलनं पाठवली आहेत. बाळाला घामोळं येऊ देऊ नकोस.

राग मानू नकोस, आणि मानलासच तर लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
बाबा

ता. २४ जून

ती. बाबांना, ठकूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

झबली मिळाली. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. बाबा, मी विषुववृत्तावर आहे हे खरं, पण डोंगराच्या माथ्यावर. मागे लिहिलं होतं, तुम्ही विसरलात. आत्ता अंगात दोन स्वेटर आहेत आणि पायांशी गरम पाण्याची पिशवी. सकाळी गच्चीवरच्या उपकरणांचं दव पुसताना बोटं बधिर होतात. दवाखान्यातल्या नर्सबाईंना झबली दाखवली, तर त्यांनी हळूच विचारलं, की आजोबा बाळावर रागावले आहेत का.

वाक्य हवं होतं ना, हे घ्या. 'आमच्या विषुववृत्तीय गावात वर्षभर एकच ऋतू असतो, स्वेटरचा.' खाली सपाटीवर तुमचा अर्थ बरोबर आहे, तेवढं मान्य. पण घरच्या खुर्चीत बसून इथली हवा ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

तेव्हा उष्णतेचं कारण गेलं. कामाचं म्हणाल, तर 'व'नंतर 'श' येईल, मग 'स', आणि 'स'चे शब्द संपता संपत नाहीत हे तुम्हीच आईला सांगायचात. तोवर बाळ शाळेत जाईल. मला झबली नकोत, बाबा, तुम्ही हवे आहात. दुधाची तहान ताकावर भागत नाही. मला भीती वाटते आहे. यांना सांगितली तर तेच माझ्यापेक्षा जास्त घाबरतात. आई असती तर आलीच असती. आता दोघांच्या वाटचं तुम्हालाच यावं लागेल.

लेकीवरची माया मलमलीइतकी पातळ नसावी.

तुमची,
ठकू

ता. १२ जुलै

चि. ठकूस, अ. उ. आ.

नर्सबाईंना सांग, आजोबा रागावलेले नाहीत, घाबरट आहेत. उष्णता आणि काम ही निमित्तं होती. तुझी आई गेल्यापासून मी एक रात्रही घराबाहेर काढलेली नाही. कुलूप हातात घेतलं की वाटतं, तिला आत एकटी टाकून निघालो. वेडेपणा आहे. कळतं, पण वळत नाही. तुझी भीती वाचली आणि माझीच मला लाज वाटली.

काल प्रकाशकांकडे जाऊन 'उष्ण व दमट' काढायला लावलं. त्या जागी काय घालू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तूर्त कोरी ठेवा. शब्दकोशात कोरी जागा सोडत नसतात, असं ते जरा चिडूनच म्हणाले. मी सांगितलं, की मग छपाई थांबवा, कारण मी लेकीकडे निघालो आहे आणि कधी परतेन ते ठाऊक नाही.

तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. विमानात पहिल्यांदाच बसणार, तेव्हा जावईबापूंना वेळेआधी येऊन उभं राहायला सांग. लोकर घेतली आहे. विणता येत नाही, शेजारच्या वहिनी शिकवत आहेत, आणि पहिला मोजा हत्तीच्या पिल्लाला बसेल असा झाला आहे.

घराला कुलूप लावताना तुझ्या आईला सांगेन, की ठकूनं बोलावलंय. मग ती मला थांबू द्यायची नाही.

लोभ असावा, हे आता समक्षच मागेन.

तुझा,
बाबा