ह्यांचा मचवा

१२ ऑक्टोबर २००८, रविवार
ह्यांचा मित्र फैयाज दुपारी येऊन गेला. चहा नको म्हणाला, दुरुस्तीचं दुकान उघडं टाकून आला होता. ह्यांचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र परत दिलं. जानेवारीत हे गेले तेव्हापासून त्याच्याकडेच दुरुस्तीला होतं. बटणं साफ केलीत, सेलच्या पट्ट्या घासल्यात. चालू होतं. दिशेची काठी डावीकडे ओढते, तिला इलाज नाही. कोरियातल्या ज्या कंपनीने ते काढलं तिने केव्हाच बंद केलं, सुटे भाग मिळत नाहीत.
जाता जाता दारात म्हणाला, "वहिनी, दादांच्या मेलवर पत्र आलंय. उत्तर तुम्ही द्या. मला जमणार नाही."
पत्र हंगेरीच्या लास्लो नावाच्या गृहस्थांचं. ह्या यंत्रासाठी लोकांनी घरी बसून केलेले गेम ते जमवतात. आता यंत्रं मोजकीच उरलीत, म्हणून सगळ्या गेमांचा एक शेवटचा संच करणार आहेत, जानेवारीअखेर बंद. 'तुझा होडीचा गेम त्यात हवा. मागे तू तपासायला पाठवलास, त्यात होडी पुढे जात नाही, असं मी कळवलं होतं. तुझं उत्तर नाही आलं. बरा आहेस ना?'
बरा आहेस ना.

१४ ऑक्टो.
कॉलेजातून परस्पर फै.च्या दुकानात. इंग्रजी पत्र लिहिलं, चार ओळी. हे गेले. हृदयविकार. वय अडतीस. मी पत्नी. गेम पाठवायचा प्रयत्न करू.
फै.ने वाचून दाखवा म्हटलं नाही, नुसतं बटण दाबलं.

१६ ऑक्टो.
लास्लोंचं उत्तर. सांत्वनाचं एकच वाक्य, साधं. मग लिहितात, तुमच्या नवऱ्याएवढं चांगलं पाणी ह्या यंत्रावर दुसऱ्या कुणी काढलेलं नाही. मी चारशेवर गेम पाहिलेत.
हे मला कधी सांगितलं नाही ह्यांनी. सांगितलं असतं तरी मी काय म्हटलं असतं? 'जेवायला बसा' म्हटलं असतं.

१९ ऑक्टो., रविवार
आज पहिल्यांदा स्वतः खेळून पाहिला. घड्याळातले पेन्सिल सेल काढून घातले, ते चहा होईतो संपले. फै.ला फोन केला तर हसला. "वहिनी, ते राक्षस आहे. त्याला साधे सेल पुरत नाहीत. चार्जिंगचे घ्या."
दासगावच्या धक्क्यावरून मचवा निघतो. शीड, पोटात कौलं भरलेली. सावित्री नदीतून वर महाडच्या बंदराला न्यायचा. ह्यांच्या आजोबांचा असा मचवा होता, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. काठावर माड, मच्छीमारांचे पाण्यात रोवलेले खुंट, वाळूचे दांडे. सगळं ह्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवून काढलेलं. दुपारपाळीहून आले की जेवून तेच. मला वाटायचं कारखान्याचंच काही काम आहे.
पाणी खरंच सुंदर आहे. चारच रंग. कॉलेजच्या लॅबमध्ये रोज रंग बघते, पण इतक्या थोडक्यात काम भागवलेलं पाहिलं नव्हतं. खुंटापाशी फुटतं, मचव्याच्या मागे मिटतं.
पण मचवा वर जात नाही. कितीही दाबा, पाणी मागे रेटतं, मग धक्क्यावर आपटून पुन्हा पहिल्यापासून. दहा वेळा तरी केलं. लास्लो म्हणतात ते बरोबर. काहीतरी चुकलंय.

२८ ऑक्टो.
दिवाळी. यंदा आपल्याकडे नाही. आईंना (सासूबाईंना) भेटायला दासगावला गेले. शेजारच्यांनी फराळाचा डबा दिला होता, आईंनी तसाच ठेवला होता. "तू खा गो, तुला कोन बोलतंय," म्हणाल्या. दोघींनी एकेक चकली खाल्ली.

२ नोव्हें., रविवार
फै. घरी आला, स्वतःचा कॉम्प्युटर रिक्षात घालून. ह्यांनी लिहिलेला प्रोग्राम उघडून बसला. दोन तास तेच. मध्येच "वा" म्हणायचा. मी विचारलं काय, तर म्हणे, "पाणी काढायची युक्ती बघा दादांची. हे यंत्र एवढं हळू, तरी कुठे अडत नाही. जेवढं पाणी हललं तेवढंच पुन्हा काढतात. मी असतो तर सगळी नदी परत परत काढत बसलो असतो." मला सगळं समजलं नाही, पण त्याचा चेहरा बघून बरं वाटलं.
मग चूक सापडली. पाण्याचा जोर मोजणारा आकडा आहे. तो हळूहळू कमी होतो, शून्यावर येतो आणि मग वजा होतो. म्हणजे पाणी उलटं वाहायला लागेल. फै. म्हणाला, "चिन्ह चुकलंय. घाईत होतं असं. आणि सुरुवातीचा जोर पण फार ठेवलाय."
"नदी उलटी कशी वाहील?" मी म्हटलं. "मी पोलादपूरची, नदीकाठीच वाढले. वरून येते ती खालीच जाते."
"तेच तर."
त्याने जोर कमी केला, आकडा वजा होऊ नये असं केलं, वेळ मोजणाऱ्या ओळी काढून टाकल्या. मचवा सुरळीत वर गेला. महाडच्या बंदरात लागला तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. बंदराचं चित्र किती नेटकं. गोदामाच्या दारात एक पिवळं कुत्रंसुद्धा.

१६ नोव्हें., रविवार
लास्लोंना नवीन गेम पाठवला होता, त्यांचं पत्र. आता चालतो, आभार, संचात घेतो. मग सभ्यपणे लिहिलंय की थोडा सोपा झाला का? आणि नांगर टाकायचं एक बटण आहे, त्याचा उपयोग काय? मचवा थांबवून मिळतं काय?
फै.ला विचारलं. "काहीतरी करायचं मनात असेल दादांच्या. राहून गेलं."
असेल. पण हे असं काही अर्धवट ठेवत नसत. पंख्याचा एक स्क्रू उरला तर पंखा परत खोलायचे.

७ डिसें., रविवार
दासगाव. यंत्र बरोबर नेलं होतं. आई तांदूळ निवडत होत्या.
"काय करतंस गो त्या डबीत?"
"ह्यांनी केलेला गेम आहे, आई."
"दाव." चष्मा लावून बघितलं. "मचवा हाय ह्यो."
"हो."
"कौलं भरलीत. बरी भरलीत." मी मचवा बंदरापर्यंत नेऊन दाखवला. म्हणाल्या, "लवकर पोचला. आमचे मामंजी सकाळी जात ते रात्रीचं जेवायला पन नसत. आता काय, सगळंच यष्टीसारखं." आणि पुन्हा तांदूळ.
हसू आलं. परतताना बसमध्ये पुन्हा खेळून पाहिला. खरंच लवकर पोचतो.

८ जानेवारी २००९, गुरुवार
वर्षश्राद्ध. दासगावला काल रात्रीच आले होते. चुलत दिरांनी सगळं केलं. सकाळी पिंड नदीत सोडायला सगळे घाटावर गेले, आईंनी मलाही चल म्हटलं. गुरुजी आधी कां कूं करत होते, आईंनी त्यांच्याकडे बघितलं फक्त.
दिरांनी पिंड सोडले. मग फुलांचा द्रोण माझ्या हातात दिला. मी पायरीवर वाकून सोडला आणि खालच्या बाजूला, समुद्राकडे, बघत राहिले. द्रोण तिकडे जाईना. मला वाटलं बुडाला. दीर म्हणाले, "वहिनी, हिकडं बघा. महाडला चाललाय." खरंच, द्रोण वर चालला होता, संथ, सरळ, नदीच्या मधोमध. त्याच्या पुढे एक होडी, तिच्यात माणूस नुसता बसलेला, वल्हं सुद्धा मारत नव्हता.
"भरती लागलीय," दीर म्हणाले, सहज.
बारा वर्षं ह्या गावची सून आहे. सणावाराला आले, स्वयंपाकघरात राहिले, संध्याकाळच्या गाडीने गेले. इथे नदी दिवसातून दोनदा फिरते हे कानावर असेलच, पण मनात पोलादपूरचीच नदी, एकाच दिशेने वाहणारी.
चूक नव्हती. ह्यांची चूक नव्हतीच, वजा आकडा म्हणजे भरती. नांगर टाकून थांबायचं, पाणी फिरलं की उचलायचा.


९ जाने.
सकाळी दुकान उघडायच्या आधी फै.च्या शटरसमोर उभी. त्याला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "या अल्ला. मी महाडचा माणूस! रोज पुलावरून जातो! वहिनी, आपण दोघांनी मिळून दादांची भरती काढून टाकली."
मग दोघंही हसलो. वर्षात पहिल्यांदा असं, आवाज करून. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला बघायला.
मग त्याचा चेहरा उतरला. जुन्या ओळी त्याने ठेवल्या नाहीत. त्याच फाईलवर काम केलं, यंत्रातल्या कार्डावरचा जुना गेमही पुसून नवीन घातला. पाणी किती वेळ खाली जातं, किती वेळ स्थिर राहतं, किती वेळ वर येतं, ते आकडे ह्यांचे होते. गेले.
"मी अंदाजाने घालतो," म्हणाला.
मी नको म्हटलं. अंदाजाने घातला तर तो ह्यांचा गेम नाही, आपला.

१० जाने.
लास्लोंकडे ह्यांनी पाठवलेला पहिला गेम असेल का, असं विचारलं. सगळं लिहिलं, समुद्र, भरती. द्रोणाचं नाही लिहिलं.

१३ जाने.
आहे! लास्लोंकडे आहे. पण तो तयार गेम आहे, आतल्या ओळी त्यातून वाचता येत नाहीत, असं फै. म्हणतो. 'काळजी नको,' लास्लो लिहितात. 'मी खेळून मोजतो. आमच्या देशाला समुद्र नाही, त्यामुळे हे मला सुचलं नव्हतं.'

१९ जाने.
लास्लोंचं लांब पत्र. शनिवारी-रविवारी बसून मोजलं. यंत्राला बाहेरून वीज जोडली, नांगर टाकला आणि समोर घड्याळ ठेवलं. पहिल्यांदा पाणी फिरलं तेव्हा ते चहा करत होते, निसटलं. पुन्हा. एकदा त्यांची बायको बघायला आली आणि म्हणाली, ह्यात काहीच होत नाही. ते म्हणाले, थांब. दोघं बसली. पाणी मंद होत गेलं, थांबलं, आणि मग खुंटापाशी फेस दुसऱ्या बाजूला यायला लागला. बायको म्हणाली, अरे.
ह्यांनी खुंटाच्या दोन्ही बाजूंचा फेस काढलेला होता. तेही आम्हाला दिसलं नव्हतं.
सगळे आकडे दिलेत. तीन तीनदा मोजून. पैसा नाही, नाव नाही, ह्यांच्याशी कधी भेट नाही. बुडापेस्टमध्ये एक माणूस दोन दिवस सावित्रीच्या पाण्याकडे बघत बसला. असे लोक आहेत आणि हे त्यांच्यातले होते. मला माहीत नव्हतं.

२२ जाने.
फै.ने तीन दिवस दुकान अर्धं बंद ठेवलं. आज झालं. लास्लोंच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, जुळलं. "दादा काय माणूस होता," एवढंच म्हणाला, तेही स्क्रीनकडे बघून. त्याचंही नाव गेमवर घालायचं म्हटलं तर हात जोडायला लागला. "मोडणाऱ्याचं नाव घालतात का, वहिनी?" मी म्हटलं, मग माझंही घालावं लागेल.

२५ जाने., रविवार
गेम गेला. लास्लोंना मिळाला. संच शनिवारी बंद होणार. त्यांनी एकच विचारलंय, प्रत्येक गेमबरोबर दोन ओळी सूचना असतात, ह्याच्या काय लिहू?
फै.चं म्हणणं सरळ आहे. "लिहा की पाणी विरुद्ध असेल तर नांगर टाका आणि थांबा. नाहीतर लोक आपल्यासारखेच अडकतील. दोन मिनिटं खेळतील, शिव्या देतील, बंद करतील. दादांचं पाणी कुणी बघणारच नाही."
"ह्यांनी सूचना लिहिली नव्हती."
"त्यांना वाटलं सगळ्यांना माहीत असतं. दासगावचा माणूस."
तसंही असेल. किंवा मुद्दाम नसेल लिहिली. पंखा दुरुस्त करताना मला काही सांगत नसत, पण मी शेजारी उभी राहिले की स्क्रू माझ्या हातात ठेवत. ह्यांना विचारायला हवं होतं, असं दिवसातून किती गोष्टींबद्दल वाटतं, त्यात ही एक.
आईंना फोनवर विचारलं. म्हणाल्या, "लिव की. पावण्याला सांगायला नको, पानी कधी फिरतं ते?" मग म्हणाल्या, "पन सांगितलं तरी थांबतोय कोन."
इंग्रजी ओळ तयार करून ठेवली आहे. दोनदा खोडली. यंत्र विजेला जोडून ओट्यावर ठेवलंय, सेलवर आता अजिबात चालत नाही. मचवा दुसऱ्या खुंटापाशी नांगरलेला आहे. कुकर लावला, भाजी चिरली. मधून मधून येऊन बघते. पाणी अजून खालीच चाललंय, पण जोर कमी झालाय असं वाटतं.
ओळ द्यायची की नाही, ते लास्लोंना उद्या कळवायचं आहे.