आत्याचा ताप

भोकरदन, ९ नोव्हेंबर २००४

ताईच्या ऑपरेशननंतर आज औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का? ताई म्हणाली, आईकडं कुणालाच नाही. "आणि वडिलांकडं? जनुकातला दोष बापाकडूनही येतो. त्यानं धोका वाढतो, प्रत्येकीला होतोच असं नाही." मला केदारखेड्याची आत्या आठवली. चाळिशीतच गेली. पण ती तर तापानं गेली ना?

घरी येताच दादांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. खाली बघत म्हणाले, "ताप न्हवता. छातीत गाठ व्हती. पोरींची लग्नं अडतील म्हणून न्हाई सांगितलं."

ताप! इतकी वर्षं आम्ही सगळ्या तो ताप खरा धरून बसलो. आधी कळलं असतं तर ताईनं गाठ सहा महिने अंगावर काढली असती का?

"मंग हे माझ्याकडून गेलं का तिला?" दादांनी विचारलं. म्हटलं, तपासणीशिवाय कळत नाही, आणि यात कुणाचा गुन्हा नाही. बोलले खरी, पण राग काही जात नाही.

दादा उद्या सकाळच्या गाडीनं केदारखेड्याला निघालेत, आत्याच्या मुलींना सांगायला. मी सोबत येते म्हटलं.

"नको. लपवलं मी, मीच सांगतो."