हळदीकुंकवात वाचलेलं कार्ड

बीर, ५ जानेवारी २०२४

ती. सौ. मधुराताईस वल्लरीचा शि. सा. न.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या दोन खोल्यांत फोनवर बोलायला आडोसा नाही म्हणून लिहितेस, कळलं. पोस्टात पाकिटं संपलेली, म्हणून मी कार्डावरच बारीक लिहितेय. कॉलेज सोडल्यापासूनची ही माझी नववी नोकरी, इथल्या पॅराग्लायडिंगच्या कँपात स्वयंपाकाची. काल डाळीत साखर जास्त पडली, दोन पंजाबी म्हणाले, मराठी टच. असो.

जिजू ऑपरेशनला तयार झाले हे बेस्ट झालं. दर महिन्याला तुला खाज, जळजळ, औषध, परत तेच. आणि त्यांची पुढची कातडी मागे सरतच नाही. इथली हमीदाभाभी म्हणते, आमच्यात लहानपणीच सुंता होते, तुमचे पुरुष एवढे का घाबरतात. जिजूंना सांग, छोटंसं काम आहे, कान टोचताना तू जास्त रडली होतीस. तारीख एक फेब्रुवारी ना? तुझी ती गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही त्याच आठवड्यात उरकून टाक.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

वल्ली

गिरगाव, २९ जानेवारी २०२४

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड आमच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आलं. तुझी कार्डं मजेशीर असतात म्हणून आमच्याकडे ती सगळ्यांना वाचून दाखवतात. सासूबाईंना चष्मा सापडेना, त्यांनी ते शेजारच्या नलूताईंच्या हातात दिलं. डाळीतल्या साखरेवर बायका हसल्या. मी तिळगूळ घेऊन बाहेर येईपर्यंत नलूताई वाचत वाचत सुंतेपाशी पोचल्या होत्या. मग कोणी कोणाकडे बघेना.

विक्रांत बँकेतून आले तेव्हा आई म्हणाल्या, धर्म बदलणार असशील तर आधी सांग. हे म्हणाले, मला काही झालेलं नाही, आजार हिचाच आहे. तारीख रद्द केली. वाईट नाहीत गं ते. त्या दिवसापासून जिन्यात कोणी भेटलं तरी मान वर करत नाहीत. माझीही तपासणी राहिली. आता दाराबाहेर पाऊल टाकलं की कुठे, कशाला, होतं.

तुझ्यावर राग नाही. पुन्हा कार्डावर मात्र काही लिहू नकोस. स्वेटर घालत जा, आणि ताईला परकं करू नकोस.

मधुरा

मनाली, १८ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस शि. सा. न.

तीन कागद फाडले. कार्ड लिहिताना पोस्टमास्तरचं मांजर माझ्या पायावर झोपलं होतं, करडं, एका कानाचं, आणि मी त्याच्यातच होते. कार्ड उघडं असतं हे डोक्यातच आलं नाही. एवढीच माझी अक्कल.

ताई, संबंधानंतर रक्त जातं असं तू मागे लिहिलं होतंस. बीर सोडताना हमीदाभाभी म्हणाली, हे अंगावर काढू नये. मी मेमध्ये येते. दादरला साड्या बघायला जातोय असं घरी सांगू आणि तपासणीला परळला जाऊ. जिजूंना माफीचं पत्र लिहू का? नको, परत घोळ घालेन. मे म्हणजे मे.

रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

वल्ली

परळ, ९ मार्च २०२५

चि. वल्लरीस आशीर्वाद.

हॉस्पिटलमधून लिहितेय, पत्र स्पीड पोस्टनं टाकतेय. तू मे म्हणालीस, मग तुला लेहचं काम मिळालं, मग दिवाळी म्हणालीस. एकटीने जायचा धीर होत नव्हता म्हणून मी थांबत राहिले. रक्त थांबेना तेव्हा शेवटी विक्रांतनीच आणलं. कॅन्सर आहे, गर्भाशयाच्या तोंडाचा. वीस तारखेच्या गुरुवारी गर्भपिशवी काढणार. मूल कधी, हा रोजचा विषय आईंनी आपणहून बंद केलाय.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हे एका विषाणूमुळे होतं. कातडी अशी घट्ट असली की नीट सफाई होत नाही, विषाणू जास्त टिकतो. पण त्यामुळेच झालं असं कोणी म्हणू शकणार नाही. तपासणी वेळेत झाली असती तर थोडक्यात निभावलं असतं.

हे सगळं ऐकत होते. त्यानंतरच्या सोमवारी रजा टाकून एकटेच गेले आणि सुंता करून आले. जेवताना आईंना स्वतःच सांगितलं. आई पानावरून उठून गेल्या नाहीत, पण त्यांना पुढे काही वाढलंही नाही.

आठ दिवस लुंगीत हळूहळू चालत होते. काल दुपारी इथे खुर्चीत बसताना कळ आली, तसे थांबले आणि मला विचारलं, तुला इतकी वर्षं दर वेळेला दुखत होतं का. मी हो म्हटलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, वल्ली. विचारलं असतं तर मी पहिल्या वर्षीही हो म्हटलं असतं.

जमलं तर गुरुवारच्या आधी ये. नाही जमलं तरी माझी माया आहे तिथेच आहे.

तुझी ताई
मधुरा