ओट्यावरची टाच

सिंदेवाही, जिल्हा चांदा
ता. २२ एप्रिल १९५७

चिरंजीव वच्छलेस मायचे अनेक आशीर्वाद.

इथी आम्ही सारे खुशाल; तिथी तुझा खुशाल कसा आहे ते कळव. लहानीले माझा मुका. तिले अजून पाह्यलं नाई, त मुका कुठी घ्यायचा ते तूच ठरव.

पत्र शाळेतली इंदुताई मास्तरीण लिहून राह्यली. मी 'मले' म्हणतो तिथी ती 'मला' लिहिते असा मले संशय आहे, म्हणून एकेक ओळ वाचून घेऊन राह्यलो. आत्ता हसली. काऊन हसली ते सांगत नाई.

तुझी आठवण आली म्हणून हे पत्र नाई, हे आधी समजून घे. सांदवाडीतल्या ओट्याचं काम निघालं म्हणून आहे.

तलावाच्या तोंडाचं काम झालं तेव्हा उरलेल्या सिमिटातून तुझ्या बापूजींनी घरामागं ओटा केला होता, धान वाळवायले. ओला होता तेव्हाच तू बकरीच्या पिलामागं धावत त्याच्यावरून गेलीस. बाकीची पावलं बापूजींनी थापीनं पुसली अन एक ठेवलं. पाऊल कसलं, टाचच ती. बोटं पुसट झाली. पाण्याचा लोटा सांडला की तिच्यात पाणी राहते अन चिमण्या पितात.

आता ओट्याची वाळू सुटली. मोहफुलं वाळू घातली त दाताखाली करकर वाजतात. दुरुस्ती पायजे, मले कबूल. पण तुझा भाऊ म्हणते, धानामोहासाठी नाई, बसायले करतो.

म्हटलं, "काऊन रे गुणवंता, बसून बसून घर झिजलं का?"

"माय, संध्याकाळी बाहेर हवा लागते."

"आजवर हवा काय दुसऱ्या गावाले जात होती?"

तो हसला नाई. चिडलाही नाई. तिथीच मले संशय आला. गुणवंता गप्प राह्यला की समजावं, काहीतरी शिजून राह्यलं.

तू खुशालरावांसंग लग्न करून ढिवराच्या, मासे धरणाऱ्याच्या, घरी गेलीस तेव्हापासून या घरात तुझं नाव निघत नाई. कोणी विचारलं त गुणवंता सांगते, मी एकटाच. म्हणून मनात आलं, नाव त पुसलं, आता टाच पुसायची राह्यली असंल.

मंग लटारू गवंडी आला. त्यानं ओटा घासून धुतला, छिनी-हातोडी काढली अन गुणवंताले म्हणते, "मालक, आधी टाचे मारावे लागतील. साऱ्या ओट्यावर."

मी ऐकलं, टाच मारावी लागंल. झालं. खाट ओढत नेली, तुझ्या पावलावर टाकली अन वर बसलो.

"आजी, उठा."

"नाई उठत. माझ्या पोरीची टाच मारून तुले काय भेटते?"

बिचाऱ्यानं छिनी खाली ठेवली. "आजी, टाच नाई, टाचे. जुनं सिमिट गुळगुळीत झालं, त्याच्यावर नवा माल धरत नाई. टोचे मारून खडबडीत केलं की मंग धरते."

"म्हणजे जखमा केल्याशिवाय नवं जुन्याले धरत नाई?"

"तसंच समजा."

"मंग आमच्या घरात आतापावेतो सारं घट्ट धरायले पायजे होतं," मी म्हटलं.

तरी उठलो नाई. जेवणही खाटेवरच मागवलं. पण म्हाताऱ्या माणसाले उठायची दुसरीही कारणं असतात. परत येतो त काय! खाट सरकवलेली, तुझ्या टाचेवर घमेलं पालथं घातलेलं, अन लटारू त्याच्या चारी बाजूनं ठोकून राह्यला.

"हे घमेलं कोणं ठेवलं?"

"मालकांनी. म्हणाले, याच्या आत छिनी गेली त हात तोडीन."

आता सांग. पुसायचंच होतं त घमेलं कशाले? संशय गेला नाई माझा, त्यानं फक्त कूस बदलली.

गुणवंता आरमोरीच्या बाजाराले जातो म्हणून जाऊन आला होता. गेला रिकामा अन आणली सुकट. पळसाच्या पानाचा पुडा, वरून गवताची काडी, अन गाठ खाली वळवलेली. "बाजारातून घेतली," म्हणते. वच्छे, सोडणाऱ्याचे दात हलले पायजेत अशी गाठ साऱ्या जिल्ह्यात एकच पोरगी बांधते. तू भावाले भेटलीस. दोघांनीही मले सांगितलं नाई. बरं.

मंग गिरजेले गाठलं. तुझी भावजय गुणाची आहे, पण तिच्या पोटात भाकरीशिवाय काही टिकत नाई. मोहफुलं निवडता निवडता बोलून गेली.

"आत्याबाई, अखजीले मामंजींच्या नावानं पितरांची घागर भरायची ना, त्या दिवशी ताईले अन भाऊजींले बोलावलं आहे. पंगत ओट्यावर बसवू. मागच्या फाटकातून येतील, मागच्या फाटकातून जातील. भाऊबंदांनी विचारलं त सांगता येते, घरात नाई घेतलं."

मी आधी हसलो. मंग हसणं कुठी गेलं, सापडलं नाई.

म्हणजे पाणी वाहून जायले ढाळ काढला, कडेले लाल किनार काढली, एवढं सजवलं ते तुले उंबऱ्याबाहेर ठेवायले. घमेलं ठेवणारा हात अन फाटक दाखवणारा हात एकाच माणसाचा. त्याले बहीणही पायजे अन भाऊबंदही पायजेत.

अन तू हो म्हटलीस का? आता माझा संशय तुझ्यावर आहे. सुकट बांधून दिली म्हणजे म्हटलंच असशील. लहानपणीही कोपऱ्यात पाट टाकला त तू कोपऱ्यात बसून जेवत होतीस. यावेळी नको बसू.

काल गुणवंता ओट्यावर पाणी भरून राह्यला होता. धानाच्या बांधीसारखे मातीचे धुरे घातले आहेत, नवा माल मुरायले. तुझी टाच मधोमध तशीच आहे. भोवती थर चढला त अजून खोल दिसते. मी म्हटलं, "गुणवंता, अखजीले माझं पान ओट्यावर वाढ. बापूजींची घागरही तिथीच आण. घरात तू अन तुझे भाऊबंद जेवा."

तो पाणी वतत राह्यला. मंग म्हणते, "माय, पुढच्या दाराची कडी कडक झाली आहे."

"त तेल घाल."

आज सकाळी कडीले हात लावला, बोटाले तेल लागलं. गुणवंतानं घातलं असंल, नाईतर गिरजेनं. विचारलं नाई. सारा जन्म संशय घेण्यात गेला. हा एक चांगल्या बाजूनं घ्यावा म्हणतो.

म्हणून सांगतो, पुढच्या दारानं ये. खुशालरावांले पुढं घाल. लहानीले उंबऱ्यावर कडेवरून उतरव, तिचे पाय धू अन तसेच ओले साऱ्या घरातून चालव. मंग खुशाल ओट्यावर जाऊन बसा, हवा खा. पण घरातून जाऊन.

इंदुताई विचारते, "आठवण येते असं लिहू का?" म्हटलं, राहू दे, कागद भरला.

सहीच्या जागी आंगठा आहे. टाचच देणार होतो, कागद लहान पडला.

कडी काढून बसलेली,
तुझी माय