सगुणाला मारलेला एक फटका

बेळगाव,
दिनांक १७ मार्च २०२५

प्रति,
मा. विभागीय अधिकारी साहेब,
सीमाभाग पशुकल्याण मंडळ,
विभागीय कचेरी, बेळगाव.

विषय : दि. ९ फेब्रुवारीच्या 'चाबूकविरहित' प्रात्यक्षिकात चाबूक वापरला गेल्याची नोंद होणेबाबत, तसेच निपाणी येथील प्रशिक्षकपदावरून अर्जदाराचे नाव कमी करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ११ फेब्रुवारीचा अर्ज व त्यावरील आपला शेरा, "तक्रारदार व आरोपी एकच असल्याने निकाली."
२) दि. २४ फेब्रुवारीचा अर्ज व त्यावरील आपला शेरा, "अंगावर खूण आढळली नाही, सबब घटना घडली नाही असे समजावे."
३) आपले दि. १० मार्चचे नियुक्तिपत्र.

महोदय,

१. अर्जदार केशव अनंत कालकुंद्रीकर, वय ४७, राहणार अनगोळ, हा शहरातील एका खासगी हायस्कुलात कारकून आहे. एकाच विषयावर तिसऱ्यांदा अर्ज करून साहेबांचा वेळ घेत आहे, याची त्याला लाज वाटते. अर्थात हा संपूर्ण अर्जच लाजेचा असल्याने तिची वेगळी नोंद घेण्याची आवश्यकता नाही. नियमाप्रमाणे कन्नड प्रत सोबत जोडली आहे. ती अर्जदाराचे सहकारी श्री. नागेंद्र यांनी करून दिली असून मैत्रीपोटी त्यांनी 'मारले' या ठिकाणी 'हात लागला' असे लिहिले आहे. दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास मराठी प्रत खरी धरावी.

२. अर्जदाराच्या घराण्यात आजवर कोणी घोडा पाळलेला नाही. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या लग्नाच्या वरातीत घोडीच्या तोंडातून फेसाबरोबर रक्त येताना त्याने पाहिले. काटेरी लगाम होता. नवरदेवाचे मामा म्हणाले, घोडी पान खाऊन आली आहे, आणि सगळे हसले. अर्जदारही हसला. घरी आल्यावर मात्र त्याला जेवण गेले नाही, आणि घोड्याला न मारता, न घाबरवता शिकवणारा माणूस आपण व्हायचे, असे त्याने ठरवले. हे शास्त्र शिकवणाऱ्या संस्था लांब, त्यांची फी अर्जदाराच्या आवाक्याबाहेर आणि शाळेत रजा शिल्लक नाही. त्यामुळे हे शिक्षण त्याने मोबाईलवर, तेही बहुतांशी बसमध्ये उभ्याने घेतले. दोर सैल सोडावा, घोड्याने एक पाऊल टाकले की आपण लगेच दोर ओढणे थांबवावे, त्याचे कान कुठे वळतात ते पाहावे, अशा गोष्टी तो वहीत उतरवून घेत असे. पत्नी सौ. नीला हिच्या जुन्या सुती साडीची वेणी घालून त्याने घोड्याच्या तोंडावर बांधायची म्होरकी केली. ती साडी तिला आवडत होती, हे नंतर कळले.

३. कडोलीच्या अलीकडे राहणारे श्री. भरमू रवळू नाईक हे वरातीला घोडी देण्याचा व्यवसाय करतात. त्यांच्या सगुणा या चौदा वर्षांच्या पांढऱ्या घोडीवर अर्जदाराने शिकण्यास सुरुवात केली. रोज सकाळी सहा ते साडेसात, कारण त्यानंतर शाळेची बस चुकते. भरमूआप्पांनी याबद्दल कधी काही मागितले नाही. उलट त्यांच्या पत्नी रुक्माबाई दररोज चहा देत. अर्जदार तो चहा पीत पीत आप्पांना उपदेश करी. तुम्ही जनावराला भीतीने चालवता, त्याचे ऐकून घेत नाही, असे तो म्हणे. आप्पा मान हलवत. सहा महिन्यांनी त्यांनी काटेरी लगाम काढला. वर्षभराने वडिलांच्या हातचा चाबूक खुंटीवरून काढून अर्जदाराच्या स्वाधीन केला. अर्जदाराने तो विजयचिन्हासारखा स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि ओळखीच्या लोकांना उघडून दाखवत राहिला. या काळात, म्हणजे पावणेदोन वर्षांत, ही घोडी आजवर काय काय शिकली आहे, असे अर्जदाराने आप्पांना एकदाही विचारले नाही. वेळ कमी होता, असे कारण तो आजवर देत आला. बोलायला मात्र त्याच दीड तासात भरपूर वेळ मिळत होता.

४. दि. ९ फेब्रुवारी रोजी निपाणी रस्त्यावरील एका गावच्या यात्रेत मंडळाने प्रात्यक्षिक ठेवले. मालकाने मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर उभे राहावे व घोडीला आवाज देऊ नये, ही अट अर्जदाराची होती आणि भरमूआप्पांनी ती पाळली. ठरल्याप्रमाणे अर्जदाराने चाबूक उंच धरून लोकांना दाखवला व मातीत टाकला. टाळ्या झाल्या. नंतर साडीची म्होरकी सैल धरून त्याने सगुणाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे नेले. ती छान चालली. परंतु मध्येच प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतासाठी पाच सुवासिनी आरतीची ताटे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर ती थांबली आणि हलेना. अर्जदाराने दोर सैल केला, बाजूला झाला, वाट पाहिली, वहीत लिहिलेले होते नव्हते ते सगळे केले. ती चारही पाय रोवून, मान खाली घालून उभी. हलगी वाजत होती, माईकवरून "प्रेमाची ताकद बघा" असे सांगितले जात होते, मागे कोणीतरी हसले. त्या हसण्याने अर्जदाराचे कान तापले. तो परत गेला, चाबूक पडला होता तिथपर्यंत, आणि चाबकाचा एक फटका घोडीच्या डाव्या पुठ्ठ्यावर मारला गेला. घोडी चालू लागली. अर्जदाराने चाबूक पुन्हा मातीत टाकला. लोकांना वाटले, कार्यक्रमातला चाबूक टाकण्याचा भाग हाच, आणि दुसऱ्यांदा जास्त टाळ्या झाल्या. मंडळाच्या छायाचित्रकारांनी नेमका तोच क्षण टिपला आहे.

५. घोडी टेम्पोत चढवताना भरमूआप्पा तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून उभे राहिले. अर्जदाराने चाबूक त्यांच्यापुढे धरला, कदाचित त्यांनी तो ओढून घेऊन चार शब्द सुनवावेत या आशेने. ते म्हणाले,

"ऱ्हाऊ दे सर, तुमच्याकडंच. माझ्या हाताची सवय गेली आता."

घोडी का थांबली ते दुसऱ्या दिवशी रुक्माबाईंनी सांगितले. वरातीची घोडी दारात आली की सुवासिनी तिच्या पायांवर पाणी घालतात, कुंकू लावतात, मगच ती पुढे जाते. "आरतीचं ताट दिसलं की ती थांबतीया. पाणी पडल्याबिगार हलत न्हाय. धा वर्सं तेच शिकिवलंय तिला. तुमी इच्यारलं असतं तर सांगितलं असतं की," असे त्यांचे शब्द आहेत. म्हणजे त्या मैदानात आपले काम चोख करणारी ती एकटीच होती, आणि फटका तिलाच बसला.

६. यानंतरचा पत्रव्यवहार आपल्या दप्तरी आहेच. पहिल्या अर्जात अर्जदाराने स्वतःविरुद्ध तक्रार केली. माणसाला स्वतःविरुद्ध तक्रार करण्याची नियमात सोय नाही, असे समजले. दुसऱ्या अर्जावर कार्यवाही म्हणून घटनेनंतर अठरा दिवसांनी आपले पशुवैद्य येऊन गेले. त्यांनी घोडीची प्रकृती उत्तम असल्याचे लिहून दिले व अर्जदाराची रक्तदाबाची गोळी चालू आहे का, अशी चौकशी केली. आपल्या लिपिकांनी तोंडी सुचवले की मालकाची सही असलेली तक्रार आणावी. भरमूआप्पांनी सही देण्यास नकार दिला. सरांवर मी कागद करणार न्हाय, एवढेच म्हणाले. मग खुद्द पीडित घोडीची तक्रार चालेल का, तिला अंगठा नसल्याने खुराचा ठसा ग्राह्य धराल का, असे अर्जदाराने आपल्या खिडकीवर विचारले होते. ते चेष्टेने विचारलेले नव्हते. त्यावर हशा पिकला, त्याबद्दल कोणाविषयी राग नाही.

दरम्यान शाळेत मुख्याध्यापिकांनी शाल घालून अर्जदाराचा सत्कार केला. चौकात मंडळाचा फ्लेक्स लागला असून त्यावर अर्जदार, घोडी आणि मातीत पडलेला चाबूक असे तिघे दिसतात. अर्जदार हल्ली चौक टाळून गल्लीबोळांतून बसथांब्यावर जातो, त्यामुळे रोज दहा मिनिटे उशीर होतो. आणि आता आपले पत्र आले आहे की दि. २२ मार्चपासून निपाणी येथे वरातीच्या चाळीस घोडेमालकांना अर्जदाराने 'प्रेमाची पद्धत' शिकवावी.

७. साहेब, वर परिच्छेद ४ मध्ये 'फटका मारला गेला' असे लिहिले आहे. कचेरीत पंचवीस वर्षे काढल्यावर असे वाक्य आपोआप येते. फटका मारला गेला नाही, मी मारला. चाबूक हातात होता म्हणून चुकून लागला असेही नाही. तो बारा-पंधरा पावले मागे पडला होता. मी तितके चालत गेलो, वाकलो, उचलला, परत आलो. एवढ्या वेळात माणसाला लाज वाटायला हवी होती. मला राग आला होता, आणि तो घोडीचा नव्हता. लोक हसले, याचा होता.

पहिले दोन अर्ज लिहिताना नीला शेजारी बसून भाजी निवडत होती. तिने विचारले होते, "तुम्हाला शिक्षा पाहिजे का सुटका, ते आधी ठरवा." तेव्हा मी तसाच लिहीत राहिलो. आता वाटते, मला सुटका हवी होती. दंड भरला, पावती मिळाली, की पुन्हा मोकळेपणाने चौकातून जाता येईल, असा माझा हिशेब होता. म्हणून या अर्जात मी शिक्षा मागत नाही. आधीच्या दोन अर्जांतील दंडाचा मजकूर रद्द समजावा.

८. माझी विनंती एवढीच आहे. प्रात्यक्षिकाच्या नोंदीतील 'चाबूकविरहित' हा शब्द खोडून तेथे माझे नाव घालून खरे काय ते लिहावे. निपाणीच्या वर्गाला मला शिक्षक म्हणून नेमू नये. चाळीस माणसांना मी जनावराचे ऐका असे सांगणार, आणि त्या चाळिसांचे मी स्वतः ऐकणार नाही, हे मला आता पक्के माहीत आहे. फटका खाणारी घोडी मात्र प्रत्येकाची वेगळी असेल. शिक्षकाची ती जागा भरमूआप्पांना द्यावी. ते भाषण करणार नाहीत. पण वडिलांचा चाबूक स्वतःच्या हाताने खुंटीवरून उतरवलेला माणूस आपल्या यादीत दुसरा नाही. त्यांनी हो म्हटले तर दोर धरायला, शेण काढायला, पाणी आणायला मी विनावेतन येईन. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, रविवार पूर्ण मोकळा आहे.

९. राहिला खुणेचा मुद्दा. काल रविवारी रुक्माबाईंनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. सगुणा अंगणात उभी होती. मी वाकून तिच्या चारही पायांवर पाणी घातले. तिने नेहमीसारखी मान हलवली आणि पुढे निघाली. मी तिच्या समोरच, दोन्ही हात मोकळे ठेवून उभा होतो. पूर्वी ती माझ्या खांद्याला नाक घासून जायची. काल ती माझ्यापाशी येण्याआधीच वळली, मला लांबून वळसा घालून गेली आणि पलीकडे भरमूआप्पांजवळ जाऊन उभी राहिली. ओल्या खुरांचे ठसे अंगणात उमटले होते. ते वाळायच्या आत मी अंतर मोजले, साडेचार हात भरले.

आपल्या पशुवैद्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी येऊन हे पाहावे. घोडीला हात लावण्याची गरज पडणार नाही. मला तिच्या वाटेत उभे केले की पुरे.

आपला ओशाळा,
(सही)
केशव अनंत कालकुंद्रीकर

सोबत :
१) कन्नड प्रत (सौम्य).
२) मंडळाचे प्रशस्तिपत्र, मूळ, परत.
३) सत्काराची शाल. शाळा परत घेत नाही, म्हणून आपल्याकडे.
४) चाबूक जोडलेला नाही. तो मला माझ्याकडेच ठेवायला सांगितला आहे.