तुमच्या मोटरचं टायमिंग

अहो,

आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. सगळ्या संसारात तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही, आता कागदावर म्हटलं तर तुम्हीच विचाराल, "काय मोडलंस?" मोडलं काही नाही. पण रविवारी मी तुमच्या रेसच्या गाडीच्या मोटरचं टायमिंग बदललं. गिअरही बदलला. रेल्वेतली तुमची बरीच मंडळी तुमच्या आधीच तिकडे पोचली आहेत. त्यांच्यापैकी कोणी कानावर घालायच्या आत मीच सांगितलेलं बरं, म्हणून हे पत्र.

रागवायचं ते शेवटी रागवा. आधी ऐकून घ्या. जिवंतपणी कधी पूर्ण ऐकलं नाहीत, आता तुम्हाला कुठे जायचंय?

निवृत्त झाल्यावर बडोद्यातली माणसं सकाळी कमाटीबागेत फिरायला जातात. तुम्ही कुणाच्या तरी कारखान्याच्या पूजेला वाघोडियाला गेलात आणि संध्याकाळी हे भलंमोठं खोकं घेऊन आलात. मी विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"खेळण्यातली गाडी?"

"खेळणं नाही. रेसिंग कार आहे. फक्त मापानं लहान."

तिथल्या एका शेडमागच्या सिमेंटच्या मैदानावर दर रविवारी माणसं रिमोटवर गाड्या पळवतात, त्यांचा क्लब आहे, आणि तुम्ही त्याचे सभासद होऊन आला आहात, हे मला जेवताना कळलं. जन्मभर लोकोशेडमध्ये इंजिनं दुरुस्त केलीत, आणि साठी उलटल्यावर मांडीवर मावेल एवढ्या गाडीपुढे हात टेकलेत. माझं जेवणाचं टेबल त्या दिवशी गेलं ते गेलंच.

टायमिंग म्हणजे काय, ते मी विचारलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. मोटरच्या मागचं झाकण दोन स्क्रू सैल करून जरासं फिरवायचं, की वीज मोटरला थोडी आधी मिळते आणि ती जास्त जोरात फिरते. "पण आधी का द्यायची?" असं मी विचारलं, तर म्हणालात, "तू मला जेवायला कधी हाक मारतेस?" म्हटलं, ताटं घ्यायच्या आधी, कारण तुम्ही यायला वेळ लावता. "तेच. विजेलाही यायला वेळ लागतो." हे मला लगेच पटलं. फार आधी हाक मारली तर काय होतं हेही ठाऊक होतं. माणूस येऊन बसतो, वरण तयार नसतं, आणि डोकं तापतं. मोटरचंही तेच होतं. मग तुम्हाला कसं कळलं नाही?

त्यात गिअरची भर. मोटरच्या दांड्यावरचं ते छोटं दातेरी चाक. दात कमी असले तर गाडी चटकन उठते, मोटर थंड राहते, पण सरळ पट्ट्यात मागे पडते. दात जास्त असले तर सुसाट जाते, पण वळणातून बाहेर पडताना दम लागतो. तुम्ही कायम जास्त दातांचं लावायचात आणि टायमिंगही पुढे ढकलायचात. "सरळ रस्त्यावर आपल्यापुढे कोणी जाता कामा नये," हे तुमचं ब्रीद. आणि खरंच कोणी जात नसे. मी खुर्ची टाकून चहाचा थर्मास घेऊन बसलेली असायचे. सुरुवातीला तुमची गाडी सगळ्यांच्या पुढे, मग जरा धूर, मग ती वाकडी होऊन कडेला. तुम्ही कधी पहिले आला नाहीत, शेवटचेही आला नाहीत. तुम्ही आलातच नाही.

घरी परतताना रिक्षात जळक्या मोटरचा वास. मी नाक मुरडलं की म्हणायचात, "इन्सुलेशनचा वास आहे, अपायकारक नाही." तापमान मोजायचं पिस्तूल आणलंत तेही आठवतं. दुरून रोखलं की आकडा दाखवायचं. मोटर सोडून सगळ्यावर रोखलंत. आमटीवर, कुकरवर, एकदा माझ्या कपाळावर. "नॉर्मल," म्हणालात. मी त्या दिवशी तुमच्यावर इतकी चिडले होते की यंत्रच बिघडलंय अशी माझी खात्री झाली.

आणि तुमचे जिग्नेशभाई. सयाजीगंजमधले दातांचे डॉक्टर, तुमच्याहून वीसेक वर्षांनी लहान, दर रविवारी जिंकणारे. दिवसभर माणसांचे दात मोजायचे आणि सुटीला गिअरचे. ते तुम्हाला किती वेळा म्हणाले असतील, "काका, रेस सीधा रस्ते नहीं, वळांकमां जिताय." म्हणजे रेस सरळ रस्त्यावर नाही, वळणात जिंकतात. तुम्ही हसायचात आणि घरी येऊन मला सांगायचात, "डॉक्टर भित्रा आहे." हो, आहे भित्रा. त्याची मोटर अजून पहिलीच आहे.

त्या शनिवारी दुपारी तुम्ही टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला होतात. झाकण फिरवलंत, स्क्रू आवळलेत, गाडी कानाशी धरून मोटर वाजवून पाहिलीत. मला म्हणालात, "उद्या बघ." मग जरा पडतो म्हणून आत गेलात. चहाला हाक मारली, ती मात्र वेळेवरच मारली होती. तुम्ही आला नाहीत.

त्यावर मी जास्त लिहीत नाही.

जिग्नेशभाई भेटायला आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. ते कोपऱ्यात बसले आणि सारखे टेबलाकडे बघत राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण जमेना. मला वाटलं, बिचाऱ्याचे डोळे भरून आलेत. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "काकी, माफ करजो. बॅटरी काढायला पायजे. भरलेली ठेवली तर फुगते." इतक्या दिवसांत माझ्याशी कोणी एवढं कामाचं बोललं नव्हतं. मी म्हटलं, काढा. त्यांनी तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि बॅटरी काढली.

गाडी तिथेच राहिली. मी टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर जेवायची. मेघा पुण्याहून फोनवर म्हणायची, "आई, कुणाला तरी देऊन टाक आणि इकडे ये." मी म्हणायची, बघू. टेबल पुसताना गाडीभोवतीनं पुसायची. चुकून मोटरला फडकं लागलं आणि झाकण हललं तर? तुमच्या हातचं शेवटचं काम होतं ते.

मग महिन्याभरापूर्वी जिग्नेशभाईंचा फोन आला. क्लबवाल्यांना तुमच्या आठवणीत एक रेस घ्यायची होती. "काकी, काकांची गाडी मी एक चक्कर फिरवू?"

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. "तुम्ही कशाला? मी फिरवते."

 ते म्हणाले, "चालशे."

बॅटरी जिग्नेशभाईंनी भरून आणून दिली आणि मी सराव गच्चीवर केला. रिमोट कसा धरायचा ते ठाऊक होतं. तुम्ही मोटरचा आवाज ऐकत बसायचात तेव्हा पुढे-मागे मीच करायची ना? पण गाडी तुमच्यापासून लांब जाताना डावं ते डावं असतं, आणि तुमच्याकडे येताना उजवं होतं, हे कधी सांगितलं नाहीत. तुमची गाडी परत यायचीच नाही, म्हणून तुम्हालाही माहीत नसावं. पहिल्याच दिवशी मी कोकिळाबेनच्या वाळत घातलेल्या पापडांवरून गेले. एकदा गेले, घाबरून परत वळवली, पुन्हा गेले. कोकिळाबेन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सुलभाबेन, हवे आ उंमरे रमकडां?" मी म्हटलं, खेळणं नाही, रेसिंग कार आहे. फक्त मापानं लहान. आणि पापड लाटायला त्यांच्याकडे दोन दुपारी बसले.

रविवारी सकाळी जिग्नेशभाईंच्या गाडीतून वाघोडियाला गेले. तुमच्या बॅगेत सामान तसंच होतं. सरावाला थोडा वेळ चालवली आणि तोच वास आला. जिग्नेशभाईंनी मोटरवर पिस्तूल रोखलं, आकडा मला दाखवला आणि म्हणाले, "काकी, आ बळी जशे, जळून जाईल. टायमिंग मागे घ्या, गिअर लहान लावा."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही. यांनी लावलेलं आहे."

"पण काकी, मोटर ही एकच उरली आहे. काकांनी बाकीच्या..." ते थांबले. बाकीच्यांचं तुम्ही काय केलंत ते त्यांना सगळं माहीत होतं.

"जळू दे."

 त्यांनी स्क्रू फिरवायची किल्ली माझ्या शेजारी ठेवली आणि आपल्या गाडीकडे गेले. मी गाडी मांडीवर घेऊन बसले. तुमचा खूप राग आला. शेवटचं म्हणून ठेवून गेलात तेही जळणारंच? आणि तेव्हाच लक्षात आलं, की तुम्ही एक सेटिंग दोन रविवार कधी टिकवलं होतं का? शनिवार आला की स्क्रू सैल. ते शेवटचं काम नव्हतंच हो. ते त्या आठवड्याचं होतं.

चष्मा पुसला आणि स्क्रू सैल केले. वाटलं होतं, घट्ट असतील, जोर लावावा लागेल, निदान तेवढं तरी. झाकण सहज फिरलं. एवढं सहज फिरलं याचंच वाईट वाटलं. जिग्नेशभाई लांबून बघत होते. पेन घेऊन आले, म्हणाले, "आधी जिथे होतं तिथे खूण करून ठेवू? परत आणता येईल." मी म्हटलं, "नको. परत तिथे नेलं तर परत जळेल."

मग लहान चाक लावलं. दोन चाकांच्या दातांमध्ये कागदाची पट्टी घालून अंतर घ्यायचं, हे तुमचं बघून पाठ होतं. नाश्त्याच्या पुडीचा कागद फाडला. त्याला शेवेचं तेल होतं, पण चाललं.

रेसबद्दल काय सांगू? चालवणाऱ्यांच्या मचाणावर चढताना दोघांनी हात दिला. सुटताना मी शेवटची. सरळ पट्ट्यात सगळे मला मागे टाकून गेले, अगदी लाज वाटावी असे. एका वळणावर मी भिंतीवर गेले, एकदा उलटी झाले, कोणीतरी पळत येऊन सरळ करून दिली. जिग्नेशभाई मला किती वेळा ओलांडून गेले ते मी मोजलं नाही, आणि दर वेळी शेजारून "सॉरी, काकी" म्हणत होते. पण वळणातून गाडी अशी उठायची, की बोटाखाली कळायचं. एकाची गाडी भिंतीला लागून बंद पडली. एकाच्या मोटरमधून धूर आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझी नाही.

शिट्टी वाजली तेव्हा तुमची गाडी चालत होती. धावत्या गाड्यांमध्ये मी शेवटची आले. आले, हे महत्त्वाचं. जिग्नेशभाई जिंकले होते, पण ते आपल्या गाडीकडे गेलेच नाहीत. तुमची गाडी उचलली, मोटरवर बोट ठेवलं आणि ठेवूनच उभे राहिले. मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. गरम होती, पण हात काढावा लागला नाही. मग आम्ही दोघंही रडलो. एवढा मोठा डॉक्टर, पण काही शरम नाही हो त्याला.

मेघाला फोन करून सांगितलं, दिवाळीला चार दिवस येईन, पण रविवार बडोद्यात. ती म्हणाली, "आई, बाबांचं वेड तुला लागलं." लागलं असेल.

जिग्नेशभाई म्हणतात, गिअर एवढा लहान नको, एक दात वाढवून बघा. मी वाढवणार आहे. त्यानंतर टायमिंगही जरासं पुढे घेईन, तुमच्याइतकं नाही. हळूहळू माझी चटक वाढेल आणि एखाद्या रविवारी ही मोटर जळेलही. तेव्हा एक वचन देते. तुमचं नाव घेणार नाही. क्लबात सगळ्यांसमोर सांगेन, ही मी जाळली.

तुमची,
सुलभा